दुखणं कोणी नेलं?

१

बीआट्रिस डिमेलोंच्या उजव्या बुबुळाला मी कापसाचा तंतू टेकवला आणि त्यांची पापणी हललीच नाही.

पुन्हा टेकवला. माणूस कितीही धीराचा असला तरी डोळ्याला कापूस लागला की पापणी मिटते. ते आपल्या हातात नसतं. बीआट्रिसबाई मात्र खुशाल समोर बघत होत्या. "कर की गं बाय सुरू," त्या म्हणाल्या, "कशाची वाट बघतेस?"

माझं करून झालं होतं. डाव्या डोळ्याचंही.

मग मी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवून प्रकाशाची बारीक फट डोळ्यावर सोडली. उजव्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, कांकणासारखा पांढरा गोल उठला होता आणि मधला भाग खरवडल्यासारखा पातळ झाला होता. असा डोळा घेऊन येणारा माणूस कळवळत येतो. या बाई मला वसईतल्या कुठल्याशा लग्नात पाद्रीच कसे उशिरा आले ते सांगत आल्या होत्या. सुनेनं डोळ्यात पांढरा ठिपका पाहिला म्हणून आणलं, एवढंच.

मी माधवी चांदोरकर. नागपुरात सोळा वर्षं डोळ्यांची डॉक्टर होते; इथे कॅनडात, मिसिसागात, सहा वर्षं डोळ्यांची टेक्निशियन आहे. थेंब घालते, आकडे लिहिते आणि निदान मनात ठेवते. परवान्याची फाइल कुठल्याशा टेबलावर पडून आहे. असो, ते रडगाणं वेगळं.

डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं.

"दोन्ही डोळे बधिर," ते इंग्रजीत म्हणाले. "नागिणीनं डोळा असा बधिर होतो, पण ती बहुतेक एकाच बाजूला होते. शुगर नॉर्मल आहे. डोळ्याचं ऑपरेशन कधी झालेलं नाही."

"म्हणजे बाहेरून काहीतरी जातंय," मी म्हणाले.

"काय ते शोध. तू तिची भाषा बोलतेस. उद्या सकाळी डाउनटाउनला कॉर्नियाचे स्पेशलिस्ट तिला बघतील. उजवा डोळा वाचेलसं मला वाटत नाही. पण हे असंच चालू राहिलं तर डावाही जाईल."

ते आत गेले. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. कोणीतरी या बाईचं दुखणं पळवलं होतं. आणि कशानं पळवलं असावं, याचा मला संशय होता.

२

दहा आठवड्यांपूर्वीपर्यंत याच बाईंना उजेड सहन होत नव्हता.

चौदा महिने त्या मुलाच्या घरी बेसमेंटमध्ये बसून होत्या. खिडकीला ब्लँकेट, डोळ्यांवर काळा चष्मा, वर टोपी. फ्रीजचा दिवा लागला तरी डोळ्यांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. बर्फ पडलं की उन्हाची तिरीप खालपर्यंत यायची आणि त्या उशीत तोंड खुपसून पडायच्या. सगळ्यांनी डोळे तपासले. डोळे स्वच्छ. नवरा नुकताच वारला होता, तेव्हा सगळ्यांना आयतं कारण मिळालं: बाईंनी मनाला लावून घेतलंय.

मी नागपुरात असे रोगी पाहिले होते. कॉर्नियात मज्जातंतूंची एवढी दाटी असते की अंगात दुसरीकडे क्वचितच असेल. कधी कधी ते तंतूच आजारी पडतात आणि काही झालेलं नसताना बोंब मारत सुटतात. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. मग बघणारा म्हणतो, नाटक आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टर एक चाचणी करायला तयार झाले. बधिर करणारं औषध डोळ्यात घालायचं. वेदना थांबली तर ती डोळ्यातली, मनातली नव्हे. त्या दिवशी खोलीत तिघं होते. मुलगा लेस्टर, जवळच्या वॉन शहरातल्या गोदामातली शिफ्ट सोडून आलेला. सून रुथ, औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी. आणि झेवियर अंकल, बीआट्रिसबाईंच्या नवऱ्याचे जुने मित्र, विमानतळावरून रिटायर झालेले. गाडी त्यांचीच होती.

मी नवी बाटली उघडली, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. मिनिटभरानं हळूहळू दिवा वाढवला. बाईंनी चष्मा काढला आणि डोळे उघडले. समोर लेस्टर होता. त्या म्हणाल्या, "लेस्टर, तुझे केस किती पिकले रे!"

मी धावतच डॉक्टरांना आणायला गेले. आले तेव्हा लेस्टर नव्हता. अंकलना पार्किंगमध्ये लांब चालावं लागू नये म्हणून तो गाडी दाराशी आणायला गेला होता. रुथनं विचारलं, हे ड्रॉप्स घरी मिळतील का? डॉक्टर ताडकन म्हणाले, कधीच नाही, रोज घातले तर डोळा खाऊन टाकतात. झेवियर अंकलनी मान हलवली. सगळं इंग्रजीत, भराभर. स्पेशलिस्टची तारीख मिळाली ती अकरा महिन्यांनंतरची.

संध्याकाळी मी ट्रे आवरला तेव्हा ती नवी बाटली तिथे नव्हती. मी कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. मग विचार केला, कुठेतरी पडली असेल. चूक माझी होती, आणि माझी परवान्याची फाइल अजून टेबलावर होती. मी कोणाला काही सांगितलं नाही.

३

आजही बाईंबरोबर तेच तिघं आले होते; मी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि आधी रुथकडे गेले.

"मम्मीला काय काय घालता डोळ्यांत?"

"काहीच नाही. सगळे आर्टिफिशियल टिअर्स बंद केले. फक्त पवित्र पाणी." तिनं जेवणाच्या पिशवीतून एक छोटी प्लॅस्टिकची बाटली काढली. चर्चमधल्या माउलीच्या मूर्तीच्या आकाराची, वर निळ्या मुकुटाचं झाकण. "झेवियर अंकलनी जानेवारीत वेलंकनीहून आणलं. मीच घालते, दिवसातून तीन वेळा. ड्रॉपरनं एकेक थेंब."

"आणि गुण आला?"

"आधी नाही आला हो. तीन महिने काही नाही. मग ईस्टरनंतर अचानक! मम्मी वर आली, बॅकयार्डमध्ये बसली. हे बघा." तिनं फोन पुढे केला.

मे महिन्याच्या लाँग वीकएन्डचा व्हिडिओ होता. गराजमध्ये, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायच्या बॉटल मसाल्यासाठी, मोठ्या कढईत पाचेक किलो मिरच्या भाजणं चाललं होतं. रुथ पदराऐवजी स्कार्फ तोंडाला लावून खोकत होती. झेवियर अंकल नाक धरून ड्राइव्हवेवर पळाले. कॅमेरा धरणारा शिंकत होता. आणि कढईवर ओणवून बीआट्रिसबाई, चष्मा नाही, टोपी नाही, झारा फिरवत हसत होत्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"मिरॅकल आहे ना?" रुथ म्हणाली.

मी नागपूरची आहे, मिरचीचं मला कोणी सांगू नये. त्या धुरात कोरडा राहणारा डोळा बरा झालेला डोळा नसतो. मिरची झोंबल्याची वर्दी कॉर्निया देतो, तेव्हा पाणी येतं. वर्दी देणाराच गप्प केला, तर कसलं पाणी?

मी बाटली हातात घेतली. ती गार होती. पिशवीत खाली बर्फाची निळी वडी होती.

"हे फ्रीजमध्ये ठेवता?"

"हो. आधी घरातल्या ऑल्टरवर, मूर्तीसमोर असायचं. मग लेस्टर म्हणाला, झेवियर अंकलनी सांगितलंय फ्रीजमध्ये ठेवा म्हणून. खराब होत नाही."

बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन दिवसांचं पाणी उरलं होतं. मी झाकण काढून बोटावर एक थेंब घेतला आणि जिभेला लावला. कडू. मनात वीसपर्यंत मोजलं. जिभेचं टोक माझं राहिलं नव्हतं.

४

रुथ मुळीच नव्हे, हे मला तिथेच कळलं. औषधांच्या दुकानात काम करणारी बाई असला पदार्थ डोळ्यांत घालेल आणि ठिपका दिसल्यावर तोच स्वतःच्या हातानं डॉक्टरांकडे घेऊन येईल? ती बिचारी आजही दुपारचा डोस चुकू नये म्हणून बर्फ लावून आली होती. शिवाय डॉक्टरांचा इशारा तिनं स्वतः ऐकला होता.

मी तिला एवढंच म्हणाले, "आता हे घालू नका." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाटली परत मागितली नाही.

झेवियर अंकल हातात जपमाळ घेऊन बसले होते. रविवारी प्रार्थना मंडळात या चमत्काराची साक्ष द्यायची होती त्यांना. कागदावर लिहूनसुद्धा आणली होती.

"अंकल, ते पाणी तुम्ही स्वतः भरलंत?"

"माझ्या या हातांनी, माय डिअर. दोन तास लाइनमध्ये उभा राहिलो. तिचा नवरा, आमचा अँटनी, गेला तेव्हा मी त्याला प्रॉमिस केलं होतं, बीआट्रिसला बघेन म्हणून."

"चव कशी होती?"

"चव? पाण्यासारखी! मी पण घोटभर प्यायलो ना."

"मग फ्रीजमध्ये ठेवायला का सांगितलंत?"

अंकलनी जपमाळ खाली ठेवली. "कोणी सांगितलं? मी? पवित्र पाणी फ्रीजमध्ये, सुक्या बोंबलाच्या बाजूला? ते ऑल्टरवर असतं! कोण म्हणतं मी असं बोललो?"

त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला उगाच त्यांची माफी मागावीशी वाटली.

आता हिशेब सरळ होता. जानेवारी ते एप्रिल बाटलीत पाणी होतं आणि गुण नव्हता. एप्रिलनंतर बाटलीत दुसरं काही होतं. ते ज्यानं भरलं त्यानं चोरलेल्या बाटलीवरची ओळ वाचली होती: थंड जागी ठेवा. पण कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून त्यानं अंकलचं नाव पुढे केलं. आणि असं कोण करेल? रोज घातलं तर डोळा जातो, हे डॉक्टरांचं वाक्य ज्याच्या कानावर पडलंच नव्हतं तोच.

गाडी आणायला गेलेला माणूस.

मला ते खरं वाटत नव्हतं. चौदा महिने घरात सगळ्यांत मोठ्यानं कोण म्हणत होतं की मम्मीचं सगळं डोक्यातलं आहे? लेस्टर. ज्याचा दुखण्यावर विश्वास नाही, तो दुखण्याचं औषध कशाला चोरेल?

५

लेस्टर गोदामाच्या रिफ्लेक्टरच्या जाकिटातच आला होता. गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता.

"लेस्टर, झेवियर अंकलना आज पहिल्यांदा कळलं की पाणी फ्रीजमध्ये असतं."

त्यानं वर पाहिलं. मी टेबलावर माउलीची बाटली ठेवली. तो नाही म्हणेल, चिडेल, मला माझी पायरी दाखवेल, अशी मी तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही.

"मम्मीला सांगू नका," तो म्हणाला. "तिला वाटतं माउलीनं बरं केलं. तेवढं राहू द्या."

"का केलंत?"

"त्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, तुझे केस पिकले. तुम्ही होता ना? मॅडम, चौदा महिने तिनं माझं तोंड पाहिलं नव्हतं. आणि मी काय करत होतो? जिन्यातून ओरडायचो, मम्मी, इनफ विथ द ड्रामा. एकदा मुद्दाम दिवा लावला, बघू म्हटलं खरंच दुखतं का. ती ओरडली. मला वाटलं ॲक्टिंग करते. तुमच्या एका थेंबानं कळलं, ती खोटं बोलत नव्हती. मग घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं. अकरा महिने थांबायला सांगितलं. मी कसा थांबू? खरी बाटली रुथनं ओळखली असती. म्हणून औषध माउलीच्या बाटलीत ओतलं."

"औषधानं डोळा जातो हे..."

"इट जस्ट स्टॉप्स द पेन, नाही का?" तो म्हणाला. "बाकी काय करतं?"

मी त्याला सांगितलं. मज्जातंतू नुसती दुखण्याची बातमी देत नाहीत, कॉर्नियाला जेवूही घालतात. ते झोपले की जखम भरत नाही, आणि हे औषध वरून कातडंच विरघळवत जातं. दुखलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तुम्ही तिला घेऊन आला असतात. उजवा डोळा बहुधा गेला. डावा अजून आहे.

त्यानं जाकिटाच्या बाहीनं तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

"मम्मीला सांगावं लागेल," मी म्हणाले. "नाहीतर ती हे पाणी सोडणार नाही."

दार उघडं होतं. रुथच्या खांद्याला धरून बीआट्रिसबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "मला काय सांगायचंय?" त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे."

६

त्यांना आम्ही खुर्चीत बसवलं. अंकलही दाराशी येऊन उभे राहिले.

"तुम्हाला कसं माहीत, आँटी? कडू लागलं म्हणून?" मी विचारलं.

"कडू तर लागतंच, घशात उतरतं." त्या माझ्याकडे वळल्या. "अगं बाय, त्या दिवशी तू डॉक्टरला बोलवायला गेलीस. रुथ बॅगेत टिश्यू शोधत होती. झेवियर डोळे मिटून प्रार्थना करत होता. माझे डोळे उघडे होते ना! चौदा महिन्यांनी उघडले होते. मी माझ्या पोराकडेच बघत होते. त्यानं बाटली उचलून खिशात टाकली, ती मी पाहिली."

मी रुथला विचारलं, अंकलना विचारलं, लेस्टरला विचारलं. त्या क्षणी खोलीत ज्यांचे डोळे लख्ख उघडे होते, त्यांनाच विचारलं नव्हतं. आजवर सगळ्यांनी या बाईंशी तेच केलं होतं. मी स्वतःला वेगळी समजत होते.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" रुथनं विचारलं.

"काय बोलू? चौदा महिने माझा पोरगा माझं ऐकत नव्हता. डॉक्टर म्हणाले काही नाही, ह्यानं ऐकलं काही नाही." त्या चाचपडत लेस्टरच्या डोक्यापर्यंत पोचल्या आणि केसांवरून हात फिरवला. "त्यानं कधी दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा उचलली नाही. त्यानं माझ्यासाठी चोरी केली. म्हणजे त्याला पटलंच ना माझं दुखणं? मला तेवढंच हवं होतं, बाय. उजेड नको होता."

"पण डोळा जाईल हे, आँटी, डॉक्टर त्या दिवशी म्हणाले होते..." मी म्हणाले.

"इंग्रजीत म्हणाले असतील," बीआट्रिसबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

मी तिथेच होते. त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर. ते एक वाक्य मराठीत सांगायला मला कितीसा वेळ लागला असता? सून ऐकतेय, तेवढं पुरे, असं समजून मी फॉर्म भरत बसले होते. इथे सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावरून आम्ही असंच बोलतो, आणि घरी गेल्यावर कोणीतरी सांगेल असं धरून चालतो. बाटलीची चूक मी लपवली होती. ही तर चूक आहे हेही मला कळलं नव्हतं.

बीआट्रिसबाईंच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मिरचीला न आलेलं. त्यासाठी कॉर्नियाची परवानगी लागत नाही.

झेवियर अंकलनी साक्षीचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

७

त्याच दुपारी मी हरवलेल्या बाटलीचं सगळं लिहून डॉक्टरांच्या हातात दिलं. लेखी समज मिळाली. तिची एक प्रत माझ्या फाइललाही लागेल. लागू दे.

उजवा डोळा जुलैमध्ये गेला. स्पेशलिस्टनी जे जे करता येईल ते केलं. डावा राहिला, पण औषध सुटल्यावर पहिले दिवस कसे गेले ते रुथच्या फोनवरून मला ऐकू यायचं. मागे बेसमेंटमधून बाईंच्या कण्हण्याचा आवाज यायचा.

सप्टेंबरात त्या पुन्हा आमच्याकडे तपासायला आल्या. काळा चष्मा, वर टोपी. लेस्टर हाताला धरून घेऊन आला. त्यानं शिफ्ट बदलून घेतली होती; आता दिवसा तो घरी असतो.

मी आधी मराठीत सांगितलं, काय करणार आहे, कशासाठी, आणि दुखलं तर ते चांगलं. मग कापसाचा तंतू वळला आणि डाव्या बुबुळाच्या कडेला टेकवला.

पापणी झटकन मिटली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "आई गं!" त्या कळवळल्या. "दुखतंय."

मी खाली वाकून लिहायला लागले, कारण मला अक्षरं नीट दिसत नव्हती. मज्जातंतू परत आले होते. डोळा जगणार होता आणि दुखणार होता.

मागे बटणाचा आवाज झाला. कोणी न सांगता लेस्टरनं खोलीतला दिवा बंद केला होता. अंधारात तो खुर्चीपाशी आला आणि जमिनीवर बसला.

"हो मम्मी," तो म्हणाला. "दुखतंय."